हात कुठं होता?

इन्व्हर्टर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला जिन्याखाली ठेवलेला, वीज गेली की घूं घूं करत पंखा चालवणारा डबा आठवतो. माझ्या आईला अजून तोच आठवतो. "एवढी इंजिनिअर झालीस, सिंगापूरला गेलीस, आणि तिथे जाऊन इन्व्हर्टर दुरुस्त करतेस? तिथे कुठे वीज जाते?" असं ती दर दोन महिन्यांनी विचारते आणि दर दोन महिन्यांनी मी तिला पहिल्यापासून समजावते. अगं आई, हा तो नव्हे. हा कारखान्यातल्या मोटरच्या आधी बसवतात. मोटरने किती वेगात फिरायचं, किती हळू सुरू व्हायचं, कसं थांबायचं हे तो ठरवतो. काही बिघडलं तर स्वतःहून मोटर बंद करतो आणि एवढ्याशा पडद्यावर दोन-चार अक्षरं दाखवतो. ती अक्षरं वाचणं ही माझी नोकरी. "मग सोपं आहे की!" आई म्हणते आणि भाजीचा विषय काढते.

मलाही ते सोपंच वाटत होतं. कोडचा तक्ता फोनमध्ये असतो. अक्षरं बघायची, तक्त्यात समोरचा उपाय वाचायचा, करायचा, रिसेटचं बटण दाबायचं आणि पुढच्या साइटवर पळायचं. पुण्यात चार वर्षं मी हेच केलं होतं. मग इथे आले आणि पहिल्याच आठवड्यात मला चौगुले सरांबरोबर जोडून दिलं.

दिगंबर चौगुले, मूळचे इचलकरंजीचे, आमच्या सर्व्हिस डिपार्टमेंटमधले सगळ्यात जुने इंजिनिअर. साठीला टेकलेले, काटकुळे, शर्टाच्या खिशात एक छोटी वही, एक टेस्टर आणि चक्क दाढीचा ब्रश. ब्रश इन्व्हर्टरच्या पंख्यावरची धूळ झटकायला. दाढी मात्र अनेकदा वाढलेली. मी एकदा म्हटलं, "सर, ब्रश चुकीच्या ठिकाणी वापरताय." तर म्हणाले, "माझ्या तोंडाला कुणी हात लावत न्हाई, धूळ असली तर असूंदे."

हा माणूस बसलेला मी पाहिला नव्हता. अक्षरशः. ऑफिसात त्यांची खुर्ची होती, तिच्यावर त्यांची बॅग बसायची. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, आम्ही टेबल धरून बसायचो आणि हे ताट हातात घेऊन उभे, एका पायावरून दुसऱ्या पायावर. बिनसाखरेची काळी कॉफी चालता चालता प्यायचे. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, डबा अर्धा रिकामा असला तरी दाराशी उभं राहायचं, आणि दर स्टेशनाला उतरून पुढच्या डब्यात चढायचं. का, तर "ह्या डब्यात गुदमरतंय." सेरंगूनच्या मॉलमध्ये त्यांच्या मिसेस, आमच्या काकू, खरेदीला जायच्या तेव्हा हे सरकत्या जिन्यापाशी तळवा टेकवून उभे असत. "ह्याचा एक बेअरिंग बोलायला लागलाय," असं सिक्युरिटीवाल्याला जाऊन सांगत. तो बिचारा "ओके अंकल, ओके" म्हणायचा. "लग्नकार्याला नेलं तरी हे मांडवात नसायचे, जनरेटरपाशी असायचे," काकू मला एकदा म्हणाल्या. "झोपेतसुद्धा पाय हलतो हो ह्यांचा. मी विचारायचं सोडलं."

मी काही सोशिक बाई नव्हे. पहिल्या महिन्यात मला त्या हलत्या पायाचा भयंकर राग यायचा.

आमची पहिली साइट म्हणजे एका उंच इमारतीचा पंपरूम. वरच्या मजल्यांना पाणी नव्हतं, मॅनेजर डोक्यावर उभा होता आणि पडद्यावर कोड होता: मोटर सुरू होताना करंट जास्त. मी तीस सेकंदांत तक्ता काढला. उपाय लिहिलेलाच होता, मोटर आणखी हळू सुरू करा. मी कीपॅडकडे बोट नेलं.

"थांब, पुणेकर," मागून आवाज आला. "भावाला विचारलंस का?"

भावा म्हणजे इन्व्हर्टर. जगातल्या सगळ्या इन्व्हर्टरना ते भावा म्हणत. पुढे होऊन त्यांनी पॅनेलवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "काय भावा, काय झालं?" मग खिशातून वही काढली. वहीच्या प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने. काय दिसलं. कधी दिसलं. तेव्हा काय चाललं होतं. आणि चौथा: हात कुठं होता.

"कुणाचा हात?" मी विचारलं.

"कुणाचा बी. विचार त्या मॅनेजरला. आज सकाळपासनं हितं कुणाकुणाचे हात लागले?"

मॅनेजर वैतागून म्हणाला, कुणाचे नाही, फक्त सकाळी प्लंबर येऊन गेले. "फक्त," चौगुले सर म्हणाले, मेन बंद केलं आणि पंपाचा दांडा हाताने फिरवून बघितला. फिरेना. पंप उघडला तर आत रबराचा एवढा मोठा तुकडा अडकलेला, सकाळच्या कामातला. मी मोटर हळू सुरू केली असती तर तिने तो तुकडा हळूहळू चावला असता आणि दुपारपर्यंत जळून गेली असती.

"तक्ता खोटा न्हाई," परत येताना ते म्हणाले. "पण कोड म्हणजे पत्ता हाय. पत्त्यावर जाऊन दार वाजवायला लागतंय. तू पत्ता वाचून घरीच निघाली होतीस."

त्यांचं दुसरं एक ठरलेलं बोलणं होतं, वॉर्निंग आणि फॉल्टबद्दल. वॉर्निंग आली तरी मशीन चालूच राहतं, पडद्यावर फक्त काहीतरी लुकलुकतं. म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. फॉल्ट आला की मशीन बंद पडतं आणि मग सगळे धावतात. सर म्हणायचे, "वॉर्निंग म्हणजे तो बोलतोय तुमच्याशी. फॉल्ट म्हणजे बोलून बोलून दमला."

आणि रिसेटचं तर काही विचारू नका. आधी वहीत चारही रकाने भरायचे, मशीन बंद पडलं त्या क्षणी करंट किती, वेग किती हे इन्व्हर्टर आत लिहून ठेवतो ते उतरवायचं, पडद्याचा फोटो काढायचा, आणि मग रिसेट. एखाद्याने घाईत आधी दाबलं तर ते चिडत नसत. गप्प व्हायचे, आणि ते जास्त वाईट होतं. एकदा एक काम पाच मिनिटांत झालं म्हणून मी खुशीत त्यांच्याच भाषेत त्यांना चिडवलं, "काय सर, खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" मला वाटलं कोल्हापूरकडचा माणूस खूश होईल. त्यांनी वही मिटली आणि साइट सोडून एकटेच चालत निघून गेले. मी मनात म्हटलं, घ्या! विक्षिप्तपणाला सुमार नाही.

आता लिम आंटी. सेम्बावांगच्या पलीकडे फिशबॉल बनवणारा एक कारखाना आमचा ग्राहक होता. उकळत्या पाण्यातून निघालेले माशाचे गोळे एका लांब पट्ट्यावरून थंड करायच्या टाकीकडे जातात, त्या पट्ट्याच्या मोटरला आमचा इन्व्हर्टर. पट्ट्यावर देखरेख लिम आंटींची. वय पासष्टच्या पुढे, उंची पाच फुटांच्या आत, आवाज कारखानाभर. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा इन्व्हर्टरच्या पडद्यावर त्यांनी जखमेला लावायची पट्टी चिकटवून ठेवली होती. काढली तर खाली वॉर्निंग लुकलुकत होती, आतला पंखा बंद पडल्याची. महिनाभर लुकलुकत असणार.

"ब्लिंक ब्लिंक, व्हेरी इरिटेटिंग," आंटी म्हणाल्या.

मी असते तर झापलं असतं. सरांनी पंखा बदलला, ब्रशने सगळं झटकलं आणि मग आंटींना जवळ बोलावून म्हणाले, "आंटी, धिस फेलो कॉलिंग यू. ही ब्लिंक, यू टेक फोटो, सेंड मी. एनी टाइम."

झालं! त्या दिवसापासून आंटींचे फोटो सुरू. पट्ट्याचा पडदा, लिफ्टचा पडदा, घरच्या वॉशिंग मशीनचा पडदा, राइस कुकरचा दिवा. जे जे लुकलुकेल ते ते सरांना. आणि हा माणूस प्रत्येकाला उत्तर देणार! राइस कुकरलासुद्धा. एकदा ब्लड प्रेशरच्या मशीनचा फोटो आला. सरांनी बघितला आणि लगेच फोन लावला, "आंटी, गो पॉलिक्लिनिक. नाउ." आंटी गेल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि दर शुक्रवारी आमच्या ऑफिसात फिशबॉलची पिशवी यायला लागली. सर शाकाहारी. ती पिशवी मी घरी न्यायची.

आता जे सांगायचंय ते माझं आहे.

सरांची निवृत्ती महिन्यावर आली होती. साइट्स एकेक करून माझ्याकडे येत होत्या. त्याच सुमाराला माझ्या नवऱ्याचं युनिव्हर्सिटीतलं संशोधनाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. नवीन मिळेना. म्हणजे आम्ही तिघं इथे राहत होतो ते माझ्या एम्प्लॉयमेंट पासवर. माझी नोकरी गेली की पास गेला, पास गेला की फ्लॅट, मुलाची शाळा, सगळं गुंडाळून विमानात. मी दिवसाला पाच साइट्स करत होते. मुलगा इथल्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायचा, "आई, व्हाय यू ऑलवेज रश वन?" त्याला काय सांगणार, कपाळ?

अशाच एका दुपारी फिशबॉलच्या कारखान्यातून फोन. पट्टा दिवसातून तीन-चारदा बंद पडतोय, कोड ओव्हरलोडचा. म्हणजे मोटरला झेपत नाहीये, कुठेतरी काहीतरी घासतंय. ते शोधायला पट्टा सोडवायला हवा होता, निदान दोन तासांचं काम. सुपरवायझर ओरडत होता, "दर वेळी तुम्हाला बोलवायचं का? तो आपोआप परत चालू होईल असं काही करता येत नाही का?"

येतं. इन्व्हर्टरमध्ये तशी सोय असते. फॉल्ट आला की थोडा वेळ थांबून त्याने स्वतःच रिसेट करायचं आणि मोटर पुन्हा सुरू करायची. किती वेळा ते आपण आकड्यात सांगायचं. कंपनीतून येताना तो आकडा शून्य असतो. मी तीन केला. पुढच्या आठवड्यात येऊन नीट बघू, असं स्वतःला सांगितलं, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, "पॅरामीटर अ‍ॅडजस्ट केला." बस. वहीतले चार रकाने वगैरे काही नाही. पुढचा आठवडा आला आणि गेला. मी गेले नाही.

सरांच्या शेवटच्या दिवशी डिपार्टमेंटने पाया लेबारच्या मॉलमध्ये जेवण ठेवलं. सगळे बसलेले, उत्सवमूर्ती उभी. आमचा मॅनेजर भाषण करत होता आणि सर दोन टेबलांमधल्या जागेत येरझाऱ्या घालत ऐकत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आंटींचा फोटो. खाली लिहिलेलं, "अंकल, धिस वन नेव्हर सी बिफोर. स्टॉप देन गो, स्टॉप देन गो. व्हाय लाइक दॅट?"

सरांनी तो फोटो मोठा केला. मी शेजारीच होते, मला दिसला. पडद्यावर जी अक्षरं होती त्यांचा अर्थ एकच होतो: मी स्वतःहून पुन्हा सुरू होतोय.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भाषण चालू असतानाच फोन लावला आणि सगळ्या रेस्टॉरंटला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा ओरडले, "आंटी! रेड बटन! प्रेस! होल्ड! एव्हरीबडी हँड आउट!" पलीकडून आंटींची किंकाळी आली, काहीतरी जोरात आपटलं, आणि फोन बंद. पुन्हा लावला. रिंग जात राहिली. कुणी उचलेना.

तोवर आम्ही टॅक्सीत होतो. मी त्यांच्या मागे कधी धावले, मॅनेजर काय म्हणाला, काही आठवत नाही.

"किती केलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"तीन."

पाया लेबारपासून तिथे पोहोचायला पस्तीस मिनिटं लागली. फोन दहादा लावला. रिंग, रिंग, रिंग. सीटच्या कडेला नुसत्या टेकलेल्या सरांचा पाय इतका हलत होता की ड्रायव्हरने आरशातून बघून विचारलं, "अंकल, यू ओके?" मी देवाचं नाव घेत होते. आणि मग माझ्याकडे न बघता, समोरच्या सीटच्या पाठीशी बोलल्यासारखे सर बोलायला लागले.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते इचलकरंजीत होते, नुकतीच तिशी ओलांडलेले. तिथल्या एका सायझिंगमध्ये, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावायच्या कारखान्यात, त्यांनी गावातले पहिले-दुसरे इन्व्हर्टर बसवले होते. विजेचा दाब दिवसातून दहा वेळा पडायचा, की इन्व्हर्टर बंद. मालक रोज शिव्या घालायचा. "मग मी केलं आपोआप," सर म्हणाले. "मालक खूश. मला पेढा दिला. माझ्याच वयाचा महादू म्हणून कामगार होता त्या मशीनवर. आम्ही जेवायला बरोबर बसायचो. एक दिवस मशीन बंद पडलं. रोलरवर सूत गुंडाळलं होतं. बंदच हाय की, म्हणून त्यानं कापायला हात घातला. आणि दाब परत आला."

त्यांनी पुन्हा आंटींचा नंबर लावला. रिंग जात राहिली.

"उजव्या हाताची तीन बोटं," म्हणाले.

कारखान्यात शिरलो तेव्हा पट्टा बंद होता आणि सगळे कामगार एका जागी गोळा झालेले. रोलरपाशी निळा हातमोजा दिसला, बोटांपर्यंत आत ओढलेला. दोन क्षण, कदाचित तीन, मी तो मोजा बघत होते आणि तो रिकामा आहे हे मला कळत नव्हतं. मग मागे थिरी दिसली, म्यानमारहून आलेली ती विशीतली मुलगी. भिंतीला टेकून उभी, उजवा हात डाव्या हातात घट्ट धरलेला. दहाच्या दहा बोटं. पट्टा थांबला की खालची जाळी उघडून अडकलेले गोळे हाताने काढायचे, अशी तिथे सवयच पडून गेली होती. आज पट्टा थांबला, तिने हात घातला, आणि आंटी कानठळ्या बसतील अशा ओरडल्या. तिने हात खेचला. मोजा राहिला.

आणि आंटी? आंटी लाल बटणापाशी होत्या. दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, सगळं अंग टाकून बटण दाबून धरलेलं. खरं तर ते बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं, पण त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. फोन खाली पडून वाजून वाजून थकला होता. त्यांचे दंड थरथरत होते.

"आंटी, चाळीस मिनिटं?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. सरांना म्हणाल्या, "अंकल नेव्हर से कॅन लेट गो."

सर पुढे झाले, त्यांच्या हातांवर आपला हात ठेवला आणि म्हणाले, "नाउ कॅन, आंटी. कॅन लेट गो." तेव्हा कुठे त्या बाईंनी हात उचलले आणि मटकन खालीच बसल्या. थिरी त्यांच्या गळ्यात पडली आणि दोघी दोन वेगवेगळ्या भाषांत रडायला लागल्या.

खरं सांगते, लपवून काय उपयोग? थिरी धड आहे हे दिसलं, आणि पुढच्या क्षणाला मला माझा पास आठवला. सुपरवायझर अजून वरच्या मजल्यावरून यायचा होता. मी पॅनेलपाशी गेले, पडद्यावर तो आकडा काढला. तीन. खालच्या बाणाचं बटण तीनदा दाबलं की शून्य. कुणाला कळलंही नसतं. चूक थिरीची ठरली असती, जाळी तिने उघडली होती.

माझं मनगट धरलं गेलं. काटकुळ्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"आधी लिही," सर म्हणाले.

"सर, आधी बंद तर करू दे! धोका आहे तो!"

"लाल बटण दाबलेलं हाय. आता धोका फक्त तुला हाय."

"सर, माझा पास जाईल. मुलाची शाळा आहे इथे. तुम्हाला काय, तुम्ही आज रिटायर झालात!" मी अक्षरशः किंचाळले. कधी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

त्यांनी मनगट सोडलं नाही. खालच्या आवाजात म्हणाले, "टॅक्सीत मी तुला अर्धंच सांगितलं. महादूला दवाखान्यात नेलं आणि मी मशीनपाशी एकटा राहिलो. काय केलं असंल मी? हेच. शून्य केलं. इन्स्पेक्टर आला, त्याला सगळं बरोबर दिसलं. मेन बंद न करता हात घातला, चूक कामगाराची, असं लिहिलं गेलं. काम गेलं त्याचं. मी दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो होतो गं. आत न्हाई गेलो. पुण्याला पळालो, तिथनं हितं. ती आंटी चाळीस मिनिटं बटण धरून बसली. मी अठ्ठावीस वर्षं धरून बसलोय."

त्यांनी खिशातून वही काढून माझ्यापुढे धरली. मी लिहिलं. काय दिसलं, कधी दिसलं, तेव्हा काय चाललं होतं. चौथ्या रकान्याशी थांबले.

"थिरीचा पट्ट्याखाली," मी मोठ्याने म्हणत लिहिलं. "आंटींचा लाल बटणावर."

"आणि तुझा?"

मी लिहिलं, कीपॅडवर. रडत होते, शाई पसरली. मग त्यांनी पडद्यावरच्या त्या तीनचा फोटो काढला, आणि म्हणाले, "आता कर शून्य."

तोच मजकूर मी संध्याकाळी ऑफिसच्या रिपोर्टमध्ये घातला. त्याखाली सरांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली, की ही साइट सोपवताना मी जाऊन तपासायला हवं होतं, ते तपासलं नाही. मला भयंकर राग आला. आयुष्यभराच्या नोकरीच्या शेवटच्या कागदावर कुणी असं लिहितं का? म्हणाले, "खरं हाय ते. तुला काय करायचंय?"

पुढचे नऊ दिवस मी झोपले नाही. नवऱ्याने गुपचूप बॅगा खाली काढून ठेवल्या होत्या, त्या बघून आणखी चिडायचे. शेवटी लेखी ताकीद मिळाली, सहा महिने एकटीने साइटवर जायचं नाही असं ठरलं, नोकरी राहिली. त्या पट्ट्याच्या एका रोलरचं बेअरिंग जाम झालं होतं. ते बदलायला मला दोन तास लागले, माझ्या अंदाजाप्रमाणे बरोबर दोन. थिरी समोर बसून माझे हात बघत होती. मी तिची माफी मागितली. ती हसली, पण जाळीपासून लांबच बसली.

सर आणि काकूंनी सेम्बावांगचा फ्लॅट सोडला नाही, पण सर एकटेच गावाला गेले. काय करणार म्हणून विचारलं तर, "बघतो, दार वाजवायचंय एक," म्हणाले. मला कळलं. तीन आठवडे त्यांचा काही मेसेज नाही. आंटी मला विचारायच्या, "अंकल व्हेअर? माय लिफ्ट ब्लिंकिंग." लिफ्टला उत्तर मी द्यायला लागले.

मग एका रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर सर, उन्हाने रापलेले, उभेच. मागे एक पत्र्याचं झेरॉक्सचं दुकान.

"हा बघ महादू," म्हणाले आणि फोन फिरवला. मशीनपाशी एक पांढऱ्या केसांचा माणूस कागद लावत होता. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, तेवढ्यानेच झाकण उचलत होता, सराईतपणे. त्याने माझ्याकडे निरखून बघितलं.

"हीच व्हय ती पुण्याची? लिहिलंस म्हनं समदं?"

मी हो म्हटलं.

"बेस केलंस," तो म्हणाला. मग मानेने सरांकडे खूण केली. "ह्यो आठ दिस रोज येतोय. हितं दुकानाम्होरं उभा ऱ्हातोय, एक झेरॉक्स काढून घेतोय आनि जातोय. काल बोलला. म्हनला, मीच केलं हुतं ते आपोआप. आगं, मला तवाच ठावं हुतं! त्या आठवड्यात दोनदा मशीन आपलं आपन चालू झाल्यालं. मी दवाखान्यात पडल्या पडल्या दाराकडं बघायचो, आता येतंय, मग येतंय. बोटं गेली ती गेली. ह्यो का आला न्हाई, ह्येच कळंना."

सरांचा चेहरा मला दिसत नव्हता, फोन महादूकडे वळलेला होता. फक्त चित्र हलायला लागलं, आधी थोडं, मग खूपच.

महादूने पायाने एक प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवलं. "आता तरी बस की रं," तो म्हणाला.

आणि सर बसले. फोन त्यांच्या हातात होता, तो त्यांच्याबरोबर खाली आला आणि मांडीवर उताणा पडला. मला दुकानाचा पत्रा दिसत होता, त्याला टांगलेला एक पंखा, आणि झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. मग आवाज बंद झाला आणि नुसता पत्राच दिसत राहिला. माझा मुलगा येऊन म्हणाला, "आई, नोबडी देअर, हँग अप लाह."

मी फोन ठेवला नाही. ठेव, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.